सर्व्हर बुडाला, हिशेब कुठे आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंचगंगेला पाणी किती आले हे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर या भागात दुकाने, कचेऱ्या पाण्यात होत्या. अशा वेळी माणसे जनावरे सोडवतात, वह्या माळ्यावर टाकतात. टेबलाखाली घूं घूं करणारा खोका मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. तो सर्व्हर.

समजा, हा खोका एका पतसंस्थेचा आहे. यंत्र आठवडाभरात नवे मिळेल. पण सभासदांच्या ठेवी, कर्जे, हप्ते यांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये होत्या, तो बाजारात मिळत नाही. एखाद्या आजीने नातीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम तिच्या पासबुकात दिसेल. पण पासबुक भरून घेतल्याला तीन महिने झाले असतील, तर मधल्या भरण्याचे काय?

हे समजण्यासाठी गुळाच्या अडतीवरचे जुने दिवाणजी आठवावेत. त्यांच्यापुढे दोन वह्या असत. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे टिपायचे आणि मग खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचे. डेटाबेसही असेच करतो. कुणी पाचशे रुपये भरले की नोंद आधी कीर्दीत, मग सवडीने खात्यावर. या कीर्दीला संगणकवाले ‘लॉग’ म्हणतात. वीज मध्येच गेली, तरी यंत्र सुरू होताच कीर्द वाचून राहिलेल्या नोंदी पुऱ्या होतात.

सर्व्हरच गेला तर हीच कीर्द तारते, मात्र ती बाहेर पोहोचलेली हवी. रविवारी रात्री पूर्ण खतावणीची नक्कल घेतली आणि नंतर दर पाव तासाला कीर्दीची पाने दुसरीकडे पाठवली, असे धरू. गुरुवारी सकाळी ११ वाजता पाणी शिरले. नव्या यंत्रावर तेच सॉफ्टवेअर घालायचे, रविवारची नक्कल उतरवायची आणि त्यानंतरची कीर्द ओळीने तिच्यावर चढवायची. पावणेअकरापर्यंतचा हिशेब जसाच्या तसा उभा राहतो. कीर्द रात्री एकदाच जात असेल, तर सकाळचा सगळा भरणा गेला. किती वेळाचे काम गेलेले परवडेल आणि किती वेळ काउंटर बंद ठेवता येईल, हे संचालकांनी ठरवायचे असते. बहुतेक ठिकाणी ते संगणक बघणाऱ्या पोरावर सोपवलेले दिसते.

कीर्दीचा आणखी एक उपयोग. कुणी ११ वाजून ४० मिनिटांनी चुकून खाती पुसली, तर कीर्द ११ वाजून ३९ मिनिटांपर्यंतच चढवायची.

काही जण रोज संध्याकाळी डेटाबेसच्या फायली पेनड्राइव्हवर ओढून घेतात. त्या क्षणी काम चालू असेल, तर एका खात्यातून पैसे वजा झालेले आणि दुसऱ्यात जमा न झालेले, अशी अर्धवट नक्कल हाती येऊ शकते. डेटाबेसबरोबर नकलेची स्वतंत्र सोय येते, ती वापरावी. शेजारी दुसरा सर्व्हर ठेवून सगळे तिकडेही लिहिण्याची पद्धत चांगली, पण तो आरसा आहे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते.

प्रोग्रॅमरांची कामे सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी दुसऱ्या यंत्रावरची माहिती समजून मुख्य यंत्रावरचीच पुसली गेली. सुमारे ३०० जीबी! रोजची नक्कल शोधायला गेले, तर ती होतच नव्हती. नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी होती, आणि ‘जमले नाही’ असे कळवणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी सहज म्हणून घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावले.

आता नक्कल ठेवायची कुठे? दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचे ८५८ टेराबाइटचे सामाईक कोठार त्यात गेले. बाहेर त्याची प्रत नव्हती. आपल्याकडे वरच्या मजल्यावर ठेवली की झाले, असे वाटते. सांगलीच्या शाखेत ठेवू, असेही कुणी म्हणेल. पण २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी सांगलीही पाण्यात होती आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. नक्कल सुरक्षित असूनही हाताशी येत नाही, ती अशी. म्हणून एक प्रत शहरातच उंचावर आणि दुसरी कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याबाहेर हवी. शहरातली प्रत यंत्राला कायम जोडून ठेवू नये. खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

आणि वर्षातून दोनदा तरी रिकाम्या यंत्रावर सगळे उभे करून पाहावे. पासवर्डाची चिठ्ठी बुडणाऱ्या खणातच आहे, हे तेव्हा कळते. सॉफ्टवेअर देणारा फोन उचलत नाही, हेही. उभे राहिलेल्या हिशेबातली एकूण ठेव त्या दिवशीच्या तेरजेशी जुळते का, ते पाहावे.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांशाचा प्रश्न विचारून झाला की सभासदांनी व्यवस्थापकसाहेबांना एवढेच विचारावे, ‘‘बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला, आणि तेव्हा किती तास लागले?’’