मुलाचे पैसे बुडतात तेव्हा

वडखळच्या नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता फुटतो. नाक्याजवळच आमच्या चिरंजीवांचे दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी माझा बारा वर्षांचा नातू तेथे गल्ल्यावर बसतो आणि मोड देताना सहसा चुकत नाही. या हिशेबी मुलाने गेल्या दिवाळीनंतर स्वतःचे अठराशे रुपये घालवले. भाऊबीज आणि खाऊचे ते पैसे आईच्या खात्यात जमा होते. मोबाइलवरील खेळातली नाणी अर्ध्या किमतीत मिळतील, या भुलीने त्याने आईच्या फोनवरून ते एका अनोळखी माणसाला पाठवले. नाणी आली नाहीत आणि तो क्रमांकही बंद झाला.

नऊ दिवस त्याने हे कोणालाही सांगितले नाही. पोट दुखते म्हणून जेवणही टाळले. शेवटी खात्याचा हिशेब पाहताना सूनबाईंच्या लक्षात आले. चिरंजीव संतापले. आमच्या सौभाग्यवतींनी नातवाची भरपाई करण्यासाठी कपाटातून दोन हजार काढले. मी चक्रवाढ व्याजावर व्याख्यान दिले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडून दुसरे काय होणार! तिघांचेही चुकले, असे मला आज वाटते.

या प्रकरणातले मोठे नुकसान त्या नऊ दिवसांच्या मौनाचे होते. अशी फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. आम्ही तक्रार केली, परंतु फार उशिरा. पैसे परत आले नाहीत. मुलगा गप्प राहिला, कारण पैसे बुडणे ही लाजेची गोष्ट आहे, हे तो आमच्याकडूनच शिकला होता.

आपल्या घरांत ही सवय जुनी आहे. ओळखीच्या एका कुटुंबाची रक्कम भिशीत बुडाली. वडिलांनी मुलांना काही सांगितले नाही. फक्त धाकट्याची शिकवणी बंद केली. आपल्याला गुण कमी पडले, त्याचीच ही शिक्षा, असे तो मुलगा कित्येक वर्षे समजत होता. मोठा झाल्यावर त्याने हे मला सांगितले, तेव्हा त्याचे वडील हयात नव्हते.

नुकसान उघड्यावर मांडले की त्यातून काही उभे राहते, याची साक्ष बँकिंगच्या इतिहासातच आहे. १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला; तोही प्रत्येक ठेवीदाराला अवघ्या १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली. सप्टेंबर २०१० मध्ये आमच्या पेणच्या सहकारी अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदार अडकले, तेव्हाही मर्यादा तेवढीच होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. हा सारा इतिहास मी नातवाला सांगितला. पेण त्याच्या पायाखालचे गाव, म्हणून त्याने लक्ष देऊन ऐकला.

आपल्या परंपरेत या लपवाछपवीला शल्य म्हटले आहे. माया-शल्य घेऊन केलेले प्रतिक्रमण निष्फळ. म्हणून गुरूंपुढे आलोचना करताना काहीही झाकून ठेवायचे नसते. कविवर बनारसीदास जौहरी कुटुंबातले. तरुणपणी वडिलांनी माल व रत्ने देऊन त्यांना आग्र्याला पाठवले. काही रत्ने कपड्यात बांधली होती ती गळून पडली, काही माणके उंदराने पळवली, व्यापार बुडाला आणि उधारीच्या कचोरीवर दिवस काढण्याची पाळी आली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे निःसंकोच लिहून ठेवले. आपल्या पाठशाळांतून मुलांना हा बनारसीदास फारसा भेटत नाही, याची मला खंत आहे.

मग आम्ही एक वही केली. रागाला मनाई आणि भरपाईलाही मनाई, एवढे ठरले. सौभाग्यवतींचे दोन हजार कपाटात परत गेले, मात्र खाऊचे पैसे पूर्वीसारखेच चालू राहिले. (सहलीची फी हरवली असती, तर ती अर्थात आम्हीच भरली असती, मुलाला वर्गातून वगळले जाणे हा कसला धडा?) वहीत त्याने तारीख, रक्कम, निरोपातले शब्द लिहिले आणि खाली लिहिले: शंका केव्हा आली. तेथे खरी गोष्ट कळली. प्रथम पंधराशेच गेले होते. मग त्या माणसाने सेवाशुल्काचे तीनशे मागितले. शंका तेव्हाच आली होती; तरी पहिले पंधराशे वाया जाऊ नयेत म्हणून याने तेही पाठवले.

ते वाचून मी थांबलो. १९९२ च्या आरंभी, शेअर बाजार उधाणलेला असताना, मी एका कंपनीचे शेअर घेतले होते. एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि भाव कोसळला. पहिली रक्कम वाचवण्यासाठी मी आणखी शेअर घेतले, तेही पतपेढीचे कर्ज काढून. हे मी घरात कधीच बोललो नव्हतो. त्या दिवशी दुकानात नातवाला सांगितले. माल मोजणारे चिरंजीव मोजणी सोडून ऐकत उभे राहिले.

“म्हणजे त्या वर्षी आपण सम्मेदशिखरला गेलो नाही, ते यामुळे?” त्यांनी विचारले.

मी होय म्हटले.

“किती गेले, आजोबा?” नातवाने विचारले.

“बेचाळीस हजार.”

त्याने वहीचे नवे पान उघडले, वर माझे नाव लिहिले आणि तारीख विचारली.