बोटीवरचा गॅस

शिडाच्या बोटीवर शेगडी पेटेना, की सिलिंडरजवळचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह काढून थेट नळी जोडण्याचा मोह होतो. तसे करू नका. वीज गेली की गॅस बंद करणे, हेच तर त्याचे काम. बटण दाबल्यावर ‘टक्’ आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि खाऱ्या हवेने गंजलेले वायरींचे जोड पाहा.

उलटा बिघाड अधिक घातक: बटण बंद करूनही ज्योत विझतच नाही. मग सिलिंडरच हाताने बंद करावा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. तिथे पंपाची एक ठिणगी पुरते. नाकावर तर मुळीच विसंबू नका, ते थोड्याच वेळात वासाला सरावते. जोडांवर साबणाचे पाणी लावा, बुडबुडे दिसतील.