‘कळवतो’ म्हणाले, पुढे काय करावे?

मुलाखत संपते. टेबलापलीकडचे गृहस्थ कागद आवरीत म्हणतात, “ठीक आहे, आम्ही कळवू.” उमेदवार नमस्कार करून बाहेर पडतो, आणि त्या क्षणापासून खरी परीक्षा सुरू होते. मुलाखत वीस मिनिटांची. वाट पाहणे मात्र वीस दिवसांचे, कधी दोन महिन्यांचे. या काळात काय करावे हे कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. काही जण तोंडाला कुलूप लावून बसतात. काही जण दिवसातून तीनदा फोन करतात. पहिल्याला लोक विसरतात, आणि दुसऱ्याला विसरण्याची संधी शोधतात!

माण तालुक्यासारख्या भागात हे वीस दिवस फार जड जातात. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे तो वर्षभरात पाचशेच्या आतबाहेर पडला तरी लोक समाधान मानतात. माण, खटाव, आटपाडी, जत हा सारा माणदेशाचा मुलूख. शेतीवर पोट भरेना म्हणून येथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. कोणी मुंबईला गेले, कोणी सोन्याचांदीच्या गलाईचे काम शिकून भारतभर पसरले. गलाईच्या दुकानात मुलाखत नसे. गावचा कोणी पाहुणा म्हणे, “पोरगा आपला आहे, घेऊन जातो,” की काम झाले. आज मात्र त्याच घरातला पदवीधर मुलगा किंवा मुलगी फलटणमार्गे पुण्याची एस. टी. पकडते आणि अनोळखी माणसांपुढे जाऊन बसते. तेथे पाहुणा नसतो. स्वतःचा शब्द स्वतःच टाकावा लागतो, आणि तो कसा टाकावा हाच प्रश्न असतो.

गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे

आधी कचेरीत काय चालते ते समजून घेऊ. मुलाखती झाल्या की बहुधा दोन-तीन नावे निवडतात. पहिल्याला विचारणा जाते. तो पगाराची घासाघीस करतो, जुन्या नोकरीतून सुटका कधी होईल ते पाहतो. हल्ली सुटकेची मुदत एक ते तीन महिन्यांचीही असते. त्याचा होकार पक्का होईपर्यंत दुसऱ्याला ना होकार कळवितात, ना नकार. शिवाय मुख्य कचेरीची मंजुरी यायची असते, सही करणारे साहेब दौऱ्यावर असतात, मध्येच दिवाळी येते. म्हणून आठ दिवस निरोप आला नाही, एवढ्यावरून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. माणात परतीच्या पावसावर शाळू पेरतात. पेरल्यावर कोणी रोज माती उकरून बी पाहत नाही. पण शेताकडे पाठ फिरवूनही बसत नाही.

पाठपुरावा कसा करावा?

पहिले पाऊल मुलाखतीच्या खोलीतच टाकावे. उठताना विचारावे, “निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल? आणि चौकशी कोणाकडे करावी?” हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. तारीख मिळाली म्हणजे पुढची निम्मी तगमग वाचते.

दुसरे पाऊल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. चार-पाच ओळींचे आभाराचे ई-मेल पाठवावे. त्यात मुलाखतीतील एखाद्या विषयाचा उल्लेख असावा, म्हणजे पत्र छापील वाटत नाही. मागितलेले प्रमाणपत्र राहिले असेल तर ते सोबत जोडावे.

तिसरे पाऊल दिलेली तारीख उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेल्यावर. तारीख दिलीच नसेल तर आठ-दहा दिवस थांबावे. मग असे लिहावे:

“मा. महोदय, गेल्या ५ तारखेस आपल्या कार्यालयात लेखा सहायक या पदासाठी माझी मुलाखत झाली. निर्णय पंधरा दिवसांत होईल असे आपण सांगितले होते. काही ठरले असल्यास कृपया कळवावे. या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. आणखी कागदपत्रे हवी असल्यास त्वरित पाठवीन. आपला विश्वासू.”

एवढेच. घरची परिस्थिती, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न यांतले काही नको. ती दुःखे खरी असतात. पण नेमणूक करणारा आपल्या कामाचा विचार करीत असतो, आणि दयेने मिळालेल्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसता येत नाही.

आणखी आठवड्याने एकदा फोन करावा. तो अकरा-बाराच्या सुमारास किंवा दुपारी तीननंतर करावा. सोमवारी सकाळी कचेरी उघडताच नको. नाव, पद, मुलाखतीची तारीख सांगावी, एकच प्रश्न विचारावा, आभार मानून फोन ठेवावा. साहेबांच्या खाजगी व्हॉट्सअॅपवर रोज फुलांच्या चित्रासह ‘सुप्रभात’ धाडणे, निळ्या खुणा झाल्या का ते पाहत बसणे, हे सारे उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधण्यापैकी आहे. तरीही उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी शेवटचे पत्र लिहावे आणि तो विषय मनाने मिटवावा. या साऱ्या काळात दुसरीकडे अर्ज करणे मात्र थांबवू नये. दुसरी नोकरी चालून आली तर पहिल्या ठिकाणी तसे खरेखुरे कळवून विचारावे. नसलेली नोकरी दाखवून घाई करू नये. थाप उघडी पडायला वेळ लागत नाही.

एका बापाचे पत्र

आता एक गोष्ट सांगतो. १९०१ साली बावीस वर्षांचा एक पदवीधर नोकरीसाठी युरोपभर अर्ज करीत होता. मार्च महिन्यात त्याने लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांना साहाय्यकाच्या जागेसाठी लिहिले. उत्तर आले नाही. एप्रिलच्या आरंभी त्याने पुन्हा एक कार्ड टाकले. त्यात तक्रार नव्हती, विनवणी नव्हती; मागच्या पत्रात पत्ता लिहिला होता की नाही हे आठवत नाही, म्हणून पुन्हा कळवितो, एवढेच होते. पाठपुराव्याची ही सभ्य रीत आजही उपयोगी पडेल!

पण त्याच्या वडिलांना राहवेना. १३ एप्रिलला त्यांनी मुलाला न सांगता ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिले. मुलगा खचत चालला आहे, आपण आईबापांवर भार झालो असे त्याला वाटते, निदान धीराच्या दोन ओळी तरी लिहा, असा त्याचा आशय. ती नोकरी काही मिळाली नाही. पुढे वर्गमित्र ग्रोसमान याच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कचेरीच्या प्रमुखांना त्याचे नाव सुचविले. जागेची रीतसर जाहिरात निघाली, त्याने अर्ज केला आणि जून १९०२ मध्ये तो तृतीय श्रेणीचा तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याचे नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. मुलाला नोकरी लागलेली पाहून चारच महिन्यांनी वडील वारले. १९१० साली नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइनचे नाव प्रथम सुचविले ते याच ओस्टवाल्ड यांनी!

त्या बापाचे मन कोणत्या आईवडिलांना कळणार नाही? तरीही आपल्या मंडळींनी मुलासाठी कचेरीत फोन करू नये. तीस-चाळीस हजारांचा व्यवहार ज्याच्या हाती सोपवायचा, तो स्वतःची चौकशी स्वतः करू शकत नाही, असा ग्रह होतो. घरच्यांनी करायचे ते एवढेच, की रोज संध्याकाळी “काही कळले का?” हा प्रश्न विचारू नये. कळले तर तो सांगणारच आहे. आणि शेजाऱ्यांनी दिवाळीच्या फराळाला आल्यावर चकलीबरोबर हाच प्रश्न तोंडी लावू नये.

ओळख आणि वशिला

ग्रोसमानने केली ती ओळख. माणसाची लायकी माहीत असलेल्याने ती खरेपणाने सांगावी आणि निर्णय पुढच्यावर सोडावा, यात वावगे नाही. लायकी झाकून वजन टाकणे हा वशिला. ज्या कंपनीत गावचा कोणी असेल त्याला “माझे काम करून दे” म्हणण्याऐवजी “निर्णय कोठवर आला एवढे समजेल का?” असे विचारावे. त्यालाही संकोच वाटत नाही.

सरकारी नोकरीची रीत निराळी

सरकारी भरतीत वरची पत्रे-फोन मुळीच नकोत. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीबाबत कोणाकरवी दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो. तेथे संकेतस्थळावरील यादी हाच निरोप. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. तेव्हा त्या पदांसाठी कोणी ‘मुलाखतीत सांभाळून घेतो’ म्हणाला तर तो सरळ फसवतो आहे असे समजावे. शंका असेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे.

वाट पाहणाऱ्या घराभोवती लबाड माणसेही घिरट्या घालतात. “ऑर्डर तयार आहे, अनामत भरा,” असा फोन आला तर दमडी देऊ नये. नोकरीसाठी पैसे मागणारा सरकारी माणूस असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवावा. दुभती म्हैस विकून किंवा रान गहाण ठेवून नोकरी ‘लावणाऱ्या’ घरात पुढे नोकरीही येत नाही आणि म्हैसही परत येत नाही.

नकार आला तर

नकार आला तरी दोन ओळींचे उत्तर द्यावे: कळविल्याबद्दल आभार, पुढे योग्य जागा निघाल्यास विचार व्हावा. पहिला उमेदवार महिन्याभरात सोडून गेला म्हणजे साहेबांना यादीतले दुसरे नाव आठवते, आणि ज्याने नीट निरोप घेतला त्याचे नाव लौकर आठवते.

गरज असणे ही लाजेची गोष्ट नाही. गरज नसती तर मुलाखतीला गेलो कशाला असतो? जपायचे ते एवढेच, की आपली गरज आपल्या आधी दारातून आत शिरू नये. एकदा विचारावे, नीट विचारावे, आणि तोवर पुढच्या अर्जाला लागावे.