आधी चारा, मग सुई
महाड-पोलादपूरच्या शेळीच्या निमित्ताने प्रजननशास्त्राचा आढावा

भातकापणी उरकली की घाटमाथ्यापलीकडच्या पुणे-सातारा भागातले धनगर मेंढ्या घेऊन रायगड जिल्ह्यात उतरतात. रिकाम्या खाचरांत कळप बसतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे, मेंढ्यांना बांधावरचं गवत आणि पाला. पावसाआधी कळप पुन्हा घाट चढतो, कारण दख्खनी मेंढीला कोकणातली ओल सोसत नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतली शेळी मात्र बारा महिने इथेच. मेंढी चाऱ्याकडे चालत जाते. शेळीला चाऱ्याची वाट पाहावी लागते. तिच्या प्रजननाचं सगळं गणित या वाट पाहण्यात आहे.

शेळी उलटली, गाभडली किंवा वर्षाला एकच करडू देऊन थांबली, की दोष बोकडाला जातो नाहीतर नशिबाला. मग इंजेक्शनची मागणी होते. गेल्या ऐंशी वर्षांतलं संशोधन मात्र पहिला प्रश्न गव्हाणीला विचारायला सांगतं.

मेंदू चारा कसा मोजतो

माजाची सुरुवात मेंदूत होते. तिथला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सोडतो. त्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच येतात. अंडाशयातली बीजपुटकं वाढतात, त्यांतून इस्ट्रोजेन पाझरतं आणि शेळी माजावर येते: शेपूट हलवते, सारखी ओरडते, खाण्यावरचं लक्ष उडतं. पाठोपाठ एलएचची लाट येते आणि बीज सुटतं. रिकाम्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि त्याचं प्रोजेस्टेरॉन गर्भ टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही तर गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड विरवतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं; शेळीत साधारण २१ दिवसांनी, मेंढीत १७ दिवसांनी.

या साखळीत चारा शिरतो तो पहिल्याच कडीशी. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं. त्याच्या जोडीला इन्सुलिन आणि यकृतातलं आयजीएफ-१ असतं. अंगात साठा किती आणि रोजची आवक किती, हे त्यांच्यामार्फत मेंदूला कळतं. हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिनच्या पेशी ही खबर जीएनआरएचपर्यंत पोचवतात. प्रजननातलं त्यांचं महत्त्व २००३ मध्ये उघड झालं. शेळी रोडावली की ठोके विरळ होतात. अंडाशय निरोगी असूनही काम थांबतं. पिल्लू जगवता येणार नाही अशा काळात गर्भ न धरण्याचा तो शरीराचा शहाणा निर्णय असतो. करडू सतत अंगाला पीत असेल तरीही हे ठोके मंदावतात, म्हणून व्यायल्यावर माज लांबतो.

उलटही खरं आहे. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे जास्तीचा खुराक दिला, तर सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढते. पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना सहाच दिवस ल्युपिन नावाचं कडधान्य देऊनही हा परिणाम दिसला. वजन वाढायच्या आतच ग्लुकोज आणि इन्सुलिन पुटकांपर्यंत पोचतात आणि गळून जाणारी पुटकं तग धरतात. गर्भ राहिल्यावर मात्र खुराकाचा मारा करू नये. भरपूर खाल्लेल्या मेंढीचं यकृत रक्तातलं प्रोजेस्टेरॉन लवकर काढून टाकतं, आणि कोवळ्या गर्भाला तेच तर हवं असतं.

इथला ऋतू पाऊस ठरवतो

युरोपातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. अंधाराची लांबी मेलाटोनिनमार्फत त्यांच्या मेंदूला कळते. महाड साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. इथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दोन तासांहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणून इथल्या शेळीचा ऋतू मुख्यतः पाऊस आणि पाला ठरवतात.

गाभणकाळ पाच महिन्यांचा, १४५ ते १५० दिवसांचा. हिशेब मांडून पाहा. फेब्रुवारी-मार्चात फळलेली शेळी जुलै-ऑगस्टच्या मुसळधारेत विते. गोठ्यात ओल, शेळ्या दिवसचे दिवस आत, करडांना न्यूमोनिया. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळलेली मार्च-एप्रिलात विते. गर्भाचं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं, आणि नेमके तेव्हा डोंगर करपलेले असतात. पोटात जुळी असतील तर आई स्वतःची चरबी जाळू लागते. रक्तात कीटोन साचतात, ती खाणं सोडते, बसते आणि दगावते. जून-जुलैत फळलेली मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात विते. शेवटचे महिने हिरव्या चाऱ्याचे आणि करडं कोरड्या, थंड हवेत.

म्हणजे महाड-पोलादपूरला जूनचा माज सर्वांत मोलाचा. पण शेळी सर्वांत खंगलेली असते तीही मेअखेर. जूनचं कोवळं गवत दिसायला हिरवंगार, पण त्यात पाणीच फार. पेंढ्यावर भागत नाही, कारण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात आणि कोठीपोटातले सूक्ष्मजीव नीट चालायला सातेक टक्के लागतात. त्यामुळे जादा खुराक मेच्या मध्यापासून हवा: रोज दोन-तीनशे ग्रॅम भरडा, हळूहळू वाढवत, नाहीतर अपचन आणि पोटफुगी. त्याला जोड वालाचा भुसा, शेवरी आणि साठवलेल्या वाळक्या पाल्याची. मुसळधार पाऊस जमिनीतली खनिजं धुऊन नेतो, म्हणून खनिज मिश्रणही लागतं. ते शेळीसाठीचंच घ्यावं आणि मेंढीला देऊ नये. शेळीला मानवणारं तांबं मेंढीला विष ठरू शकतं.

बोकडाचं बीज तयार होऊन बाहेर पडायला जवळजवळ दोन महिने लागतात. जूनमध्ये तो कामाला यायचा असेल तर त्याचा खुराक एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवा. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, त्यामुळे बोकडांच्या बाजाराचं वेळापत्रक सरकत राहतं. पावसाचं सरकत नाही.

फलटणचा धडा

जुळी देणारी मेंढी हवी, या ध्यासातून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांतून हाच जनुक तिथल्या बुरूला मेरिनोत उतरला असावा, असं संशोधक मानतात. त्यातला नेमका बदल २००१ मध्ये सापडला. तो अंडाशयातल्या एका ग्राहीत असतो, त्यामुळे एकाच वेळी जास्त पुटकं पक्व होतात. एका प्रतीने बहुधा जुळी होतात, तिळी क्वचित. धनगराला तेवढंच झेपतं. जनुक दोन बीजं सोडील, दोन कोकरांचं दूध मात्र चाऱ्यातूनच यायला हवं. जुळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी कोकणात आणणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावं.

सुई, स्पंज आणि बोकडाचा वास

माज एकत्र आणण्याची साधनं आता हाताशी आहेत. प्रोजेस्टेरॉनचा स्पंज योनीत ठेवून १२-१४ दिवसांनी काढला की दोन-तीन दिवसांत बहुतेक शेळ्या माजावर येतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेने स्वस्त देशी स्पंज तयार केला आहे. सोबत दिलं जाणारं ईसीजी हे संप्रेरक गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. त्यामागे घोडीला होणाऱ्या त्रासाचा प्रश्न जगभर विचारला जातो आहे आणि तो रास्त आहे. प्रोस्टाग्लँडिनच्या सुईबाबत विशेष सावध राहावं. मेंढीत दोनेक महिन्यांनी वारेतून पुरेसं प्रोजेस्टेरॉन येऊ लागतं, पण शेळीचा गर्भ शेवटपर्यंत पीतपिंडावरच अवलंबून असतो. गाभण शेळीला ही सुई चुकून टोचली तर ती कोणत्याही महिन्यात गाभडते.

बिनपैशाचा उपायही आहे. बोकड महिनाभर दूर, नजरेआड आणि वासाआड ठेवून एकदम कळपात सोडला, तर थांबलेल्या शेळ्याही माजावर येतात. मेंढ्यांतला हा परिणाम ऑस्ट्रेलियात १९४४ मध्ये नोंदला गेला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी बोकडाच्या केसांतलं ४-एथिलऑक्टेनल हे रसायन ओळखलं. ते थेट जीएनआरएचच्या ठोक्यांना चालना देतं. पण सुई, स्पंज, वास यांतलं काहीही खंगलेल्या शेळीत पुरतं काम करत नाही.

पाल्यातली संप्रेरकं

चाराच कधी संप्रेरकासारखा वागतो. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या एका जातीवर चरलेल्या मेंढ्या वांझ झाल्या. त्या चाऱ्यातला घटक पोटात इस्ट्रोजेनसारखं द्रव्य बनत होता. आपल्याकडच्या सुबाभळीतलं मायमोसिन थायरॉइडचं काम बिघडवू शकतं. म्हणून सुबाभूळ द्यावी, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुरतीच.

आता काय करायचं

शेळीच्या कमरेवर हात ठेवून मणक्यांची टोकं चाचपावीत. बोटांना टोचली तर ती रोड. या चाचपणीवरून पाचपैकी गुण द्यावेत; अडीच-तीन गुणांचं अंग फळवण्याला योग्य. ही परीक्षा कोणतीही बाई अर्ध्या दिवसात शिकते, आणि वाडीवर शेळ्या बहुतेक बायाच सांभाळतात. बचत गटांच्या प्रशिक्षणात स्पंजाआधी हे यायला हवं. शासकीय योजनांनी शेळीगट वाटताना सोबत शेवरी-हादग्याची रोपं आणि जंतनाशकाचं वेळापत्रक द्यायला हवं, कारण खाचरांच्या ओलीत जंत आणि यकृतातली पर्णकृमी खुराकाचा बराच भाग फस्त करतात.

आणि हे काम दिवाळीच्या सुमारास सुरू होतं. गवत फार पिकण्याआधी कापून वाळवलं, पाला सावलीत सुकवून पोत्यांत भरला, वालाचा भुसा विकून न टाकता माळ्यावर चढवला, तर मेमध्ये शेळीच्या मेंदूला चांगली खबर मिळेल. पुढच्या जूनमध्ये किती शेळ्या गाभण राहतील, हे पुष्कळसं आदल्या दिवाळीत ठरतं.