बी घरचं, खापर जमिनीवर

दसरा-दिवाळीच्या सुमारास खानदेशात ही तक्रार हमखास कानी येते : “गेल्या साली झेंडू कसा चेंडूसारखा गच्च होता. यंदा त्याच वावरात सिंगल निघाला. आमच्या जमिनीला डबल झेंडू मानवतच नाही.” बी कुठलं, तर गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं! आणि हे सांगणारे दादा कपाशीचं पाकीट मात्र दरवर्षी नवं आणतात. संकरित कपाशीची सरकी पुन्हा पेरायची नसते, हे चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग झेंडूलाच वेगळा कायदा कशाला?

मुळात झेंडूचं फूल हा अनेक फुलांचा गुच्छ असतो. एक ‘पाकळी’ उपटून बघा. तळाशी काडीसारखा बीजांडकोश दिसेल. ते अख्खं मादी फूल आहे. मधल्या चकतीत बारीक नळीसारखी फुलं असतात, पराग त्यांच्यात. सिंगल झेंडूत पाकळीवाली फुलं फक्त कडेला, डबलमध्ये ती चकतीची जागाही बळकावतात. हे ठरवतात जनुकं. झेंडूच्याच कुळातल्या सूर्यफुलात ते नेमकं सापडलंय : कडेपुरतं चालणारं सायक्लॉइडिया गटातलं एक जनुक मधोमधही चालू राहिलं की फूल गच्च होतं. व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेल्या सूर्यफुलांत अशी गच्च फुलं आहेत. या जनुकावरचा जॉन बर्क यांच्या गटाचा शोधनिबंध २०१२ साली ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये आला.

संकरिताचं बी घरी धरलं की ही जनुकं नव्याने वाटली जातात, म्हणून सिंगलही निघतो. त्यातच बऱ्याच संकरित झेंडूंची आई नरवंध्य, म्हणजे पराग न देणारी, असते. तिच्या फुलांना पाकळ्याच नसतात, नुसता झुपका. हा दोष सुप्त असल्याने पाकिटातल्या बियांच्या रोपांत दिसत नाही. त्यांचंच बी धरलं की मेंडेलच्या हिशेबाने चारांतल्या एका झाडाला ब्रशासारखी फुलं येऊ शकतात. त्याला मग ‘व्हायरस’ म्हणायचं आणि पंप पाठीवर घ्यायचा!

खत, पाणी, शेंडा खुडणी यांनी फुलांची संख्या आणि आकार बदलतो. सिंगलचं डबल करणारा डोस दुकानात मिळत नाही. घरचंच बी हवं तर पुसा नारंगी, पुसा बसंती असे सरळ वाण लावा. मात्र शेजारी दुसरा झेंडू नको, मधमाश्या बांध मानत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. ‘आफ्रिकन’ झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. कलमी गुलाब ‘गावठी होत’ नाही. डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाचा फुटवा येतो, तो काढायचा राहून जातो. दोन रंगांच्या जास्वंदी एकमेकींवर कलम केल्याने मधला रंग येत नाही, प्रत्येक फांदी आपलंच फूल देते. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. अमेरिकन कपाशीचं पांढरट फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं तो रोग नव्हे, फुलाचं वय.

कपाशीची डोमकळी मात्र खरंच दुखणं आहे. गुलाबी बोंडअळी आत बसून पाकळ्या जाळ्याने बांधते आणि फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. तिथे वाणाला बोल लावत बसू नका. डोमकळ्या तोडा आणि अळीसकट नष्ट करा.