तसबिरीचा भार कोणी वाहावयाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरतेतील आमच्या घरी मध्यरात्री मोठा आवाज झाला. दिवा लावून पाहतो तो आजोबांच्या वेळची, कमानदार माथ्याची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर जमिनीवर पडलेली आणि काचेचा चुरा सर्वत्र पसरलेला. एरवी त्याच तसबिरीखाली बाळाचा पाळणा असे. उकाड्यामुळे त्या रात्री तो खिडकीजवळ सरकविला होता, एवढेच! आश्चर्य असे की खिळा तुटला नव्हता, वाकलाही नव्हता. गिलाव्याचा ढलपा घेऊन तो सरळ बाहेर आला होता. भार वाहावयाचे काम आम्ही भिंतीला नव्हे, केवळ गिलाव्याला सांगितले होते.

सुरत हे चौकटींची हौस असलेले शहर. येथील पारशी कारागिरांनी जोपासलेले सडेलीचे जडावकाम एकोणिसाव्या शतकात दूरदूरच्या देशांत जात असे. शिंग, हस्तिदंत, लाकूड व कथील यांच्या बारीक काड्या जुळवून चिकटवावयाच्या, त्यांचे पातळ काप काढावयाचे आणि ते लाकडावर बसवावयाचे, अशी ही कला. खानदेशातून उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत येऊन वसलेल्या मराठी कुटुंबांच्या घरीही वडिलोपार्जित तसबिरी आहेत. कोणाची अंडाकृती, कोणाची अष्टकोनी, तर कोणाची क्रुसाच्या आकाराची. जुन्या घरांत लाकडी खांब व तुळया असत. खिळा लाकडात घट्ट बसे. आजच्या सदनिकांत तो आधार उरलेला नाही. तसबीर तीच, पण भिंत बदलली, हे ध्यानी घेतले पाहिजे.

प्रथम वजन पाहावे. तीन मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. म्हणजे दोन फूट रुंद व तीन फूट उंच तसबिरीची नुसती काचच चार किलोंच्या पुढे जाते. तीत सागवानी चौकट व पाठीची फळी मिळविली की दहा किलो सहज होतात.

नंतर भिंत ओळखावी. गिलावा अर्धा-पाऊण इंचाचा असतो, त्यावर भरवसा ठेवू नये. विटेच्या भिंतीत भोक पाडावे, ते शक्यतो विटेतच घ्यावे, सांध्यात नव्हे. पूर्वी गवंडी भिंतीत लाकडी गुट्टी ठोकीत असत. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती विद्रूप न करता दिवे बसविता यावेत म्हणून जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाची गुट्टी काढली, आणि १९५८ साली जर्मनीच्या आर्थर फिशर यांनी नायलॉनची. तत्त्व एकच: स्क्रू आत शिरताना गुट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना धरून राहते. अलीकडच्या पुष्कळ इमारतींत मात्र हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांत साधी गुट्टी सैल पडते. त्यांच्यासाठी बनविलेली लांब गुट्टीच घ्यावी आणि भोक पाडताना यंत्राचा ठोका बंद ठेवावा.

वेड्यावाकड्या आकाराच्या तसबिरीत खरा प्रश्न असतो तो भाराच्या मध्याचा. तो डोळ्यांनी दिसत नाही, पण शोधणे कठीण नाही. एक सरळ, गोल दांडकी जमिनीवर ठेवावी. दोघांनी मिळून तसबीर काच वर करून तिच्यावर अलगद तोलावी. जेथे ती समतोल राहील तेथे दोन्ही कडांवर खडूने खुणा कराव्यात. मग तसबीर फिरवून पुन्हा तसेच करावे. पाठीवर दोन्ही खुणांच्या रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे भाराचा मध्य. कड्या या बिंदूच्या वर, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस समान अंतरावर बसवाव्यात. अंतर असमान राहिले तर जवळच्या कडीवर अधिक ओझे पडते. कड्यांचे स्क्रू चौकटीच्या भरीव लाकडात जावेत, पाठीच्या पातळ फळीत नव्हे.

दोन कड्यांत तार ओवून ती एकाच खिळ्याला अडकविण्याची आपली जुनी रीत. परंतु तार जितकी ताठ, तितका तिच्यावरील ताण अधिक. दहा किलोंच्या तसबिरीची तार आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर दहा किलोंचा ताण येतो. पंधरा अंश असेल तर एकोणीस किलोंहून अधिक! म्हणून जड तसबीर तारेविना, दोन कड्यांनी दोन आकड्यांवर टांगावी. मग प्रत्येकाच्या वाट्याला पाचच किलो येतात. फारच जड असेल तर लाकडाच्या दोन पट्ट्यांच्या कडा तिरप्या तासाव्यात, एक भिंतीस व एक चौकटीस पक्की करावी आणि वरची खालचीत अडकवावी. भार सबंध पट्टीवर वाटला जातो.

आकडे तोंडाशी वळलेले असावेत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सुरतेतही इमारती कोसळून माणसे दगावली. त्याहून सौम्य हादऱ्यानेही उघड्या खिळ्यावरची तसबीर निसटू शकते. पावसाळी दमट हवेत साधे लोखंड गंजते, यास्तव गंजरोधक पोलादाचे स्क्रू वापरावेत. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे हवा खेळती राहते. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, तसबीर उतरवून आकडे हलवून पाहावेत.

आमची तसबीर आज नव्या काचेसह पुन्हा भिंतीवर आहे. पाळण्यातील बाळ आता शाळेत जाते. इतकी काळजी घेऊनही आम्ही तिच्याखाली कोणाचेच अंथरूण घालीत नाही. ज्यांच्या रक्षणासाठी आपण तिच्यापुढे हात जोडतो, त्यांची काळजी आपल्या हातांनीही घ्यावयास नको काय?