टर्बो हा थकलेल्या इंजिनाचा उतारा नव्हे

‘गाडी दीड लाख चाललीय, पिकअप राहिला नाही. टर्बो बसवला तर इंजिनात परत जान येईल ना?’ मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मुलांकडून हा प्रश्न सतत येतो. शिकायला दिल्लीत आलेली आणि पुढे गुरुग्रामला नोकरीला लागलेली ही मुलं सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतात आणि आउटर रिंग रोडने, महिपालपूरमार्गे रोज ऑफिस गाठतात. सुटे भाग कश्मीरी गेटला मिळतात. भंगारात निघालेल्या डिझेल गाडीचा टर्बो मायापुरीत मिळतो. ‘अर्ध्या बार बूस्टने काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाराही कुणीतरी भेटतोच. महिनोन्‌महिने साठवलेले पैसे या एका वाक्यावर जातात आणि वर रोजची गाडी गॅरेजात अडकते. म्हणून हे वाक्य नीट तपासून पाहू.

आधी पिकअप का जातो ते पाहू. इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये कोंडलेल्या दाबातून येते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, बोअर घासला, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले की तो दाब निसटतो. टर्बो काय करतो? सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर चाक फिरवून दुसऱ्या चाकाने जास्त हवा आत ढकलतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त दाब. झिजलेली रिंग त्याने घट्ट होत नाही आणि व्हॉल्व्ह आपोआप घासून बसत नाही. गळक्या नळीत पाण्याचा जोर वाढवला की गळतीच वाढते, तसंच इथे होतं. रिंगांच्या फटीतून वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तिथला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून पाझरू लागतं. ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत हवेबरोबर इंजिनात येते. पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ऑइल मिसळलं की ते लवकर भडकतं आणि नॉकिंग सुरू होतं. शिवाय जुन्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचलेला असतो. त्याने कॉम्प्रेशन थोडं वाढतं आणि निखाऱ्यासारखे तापलेले ठिपके तयार होतात. नॉकिंगला हे सगळं पोषकच असतं, आणि जोराचं नॉकिंग पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तोडून टाकतं.

आता तो ‘फक्त अर्धा बार’. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार, म्हणजे अर्धा बार बूस्ट हा दीडपट दाब झाला. हवा दाबली की तापते. मे महिन्यात दिल्लीत ४५ अंश असताना ६५ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला, तर हवा सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे इंटरकूलर नसेल तर हवा दीडपट मिळत नाही, जेमतेम सव्वापट मिळते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला फायद्याहून उष्णताच जास्त येते. इंटरकूलर लावला तरी त्याला वारा लागतो आणि मुनिरक्याच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी गाड्या खोळंबलेल्या असतात तेव्हा तो मिळत नाही. रोजच्या गाडीचं आयुष्य याच खोळंब्यात जातं. बूस्ट मात्र मोकळ्या रस्त्यावर, पाय दाबल्यावरच येतो.

ऑइलचं दुखणं वेगळंच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. झिजलेल्या बेअरिंगांमुळे आयडलिंगला ऑइलचा दाब आधीच कमी असेल, त्यात गाळ साचलेला असेल, तर नवा टर्बोही फार दिवस तग धरत नाही. मायापुरीतून आणलेल्या जुन्या टर्बोचं तर विचारूच नका.

बरं, इंजिनाच्या कॉम्प्युटरला हे कळतं का? बिनटर्बो गाडीतला दाब मोजणारा सेन्सर साधारण बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो. त्यापुढे किती हवा आली हे त्याला दिसत नाही. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. म्हणजे सेन्सर, इंजेक्टर, ट्यूनिंग, क्लच, सगळंच बदलणं आलं. ‘नुसता टर्बो’ असा प्रकारच नसतो.

हा काही माझा कर्मठपणा नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं आणि कंपनीतून टर्बोसह निघालेल्या पहिल्या मोटारी १९६२ च्या. त्यांतली ओल्ड्समोबिल जेटफायर पाहा. इंजिन कोरं, मागे जनरल मोटर्ससारखी कंपनी, कॉम्प्रेशन १०.२५ ला एक. नॉकिंग आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारावं लागे. मालक ती टाकी भरायचे विसरत आणि कित्येक गाड्यांवरचा टर्बो शेवटी काढून टाकावा लागला. आपल्याकडच्या हल्लीच्या बहुतेक बिनटर्बो पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशनही दहा ते बाराच्या घरात असतं. ती रोज चालवणाऱ्याने कोणता फवारा बसवायचा?

या गैरसमजाचं मूळ डिझेल गाड्यांत आहे. ‘स्विफ्ट डिझेल टर्बोवर तीन लाख किलोमीटर चालते, मग पेट्रोलला काय होतंय?’ चालते, कारण ते इंजिन पहिल्या दिवसापासून टर्बोसाठीच घडवलेलं असतं. १.३ लिटरचं मल्टिजेट हे त्याचं उत्तम उदाहरण. डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं आणि इंधन ऐनवेळी फवारतं, त्यामुळे पेट्रोलसारखं नॉकिंग तिथे होत नाही. ब्लॉक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड जाडजूड असतात. दुसरा युक्तिवाद असा की ‘कंपनीही तेच इंजिन टर्बो लावून विकते’. पुण्याजवळ चाकणला बनलेली पोलो घ्या. साधी पेट्रोल पोलो १.२ लिटर, आणि २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय हीही १.२ लिटर. पण पहिलीला तीन सिलिंडर, दुसरीला चार, आणि दुसरीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आकडा तोच असला तरी इंजिनं दोन आहेत.

उलट टोकाचा गैरसमजही आहे, की लाखाच्या पुढे गेलेलं इंजिन संपलंच. तेही खरं नाही. हायवेवर चाललेलं, वेळेवर ऑइल बदललेलं दोन लाखांचं इंजिन शहरात रखडलेल्या साठ हजारांच्या इंजिनापेक्षा ठणठणीत असू शकतं, आणि सेकंडहँड बाजारात मीटर मागे फिरवलेला असणं ही नवी गोष्ट नाही. त्यामुळे मीटर बाजूला ठेवा आणि कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम असताना सगळे स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, प्लगच्या भोकात गेज बसवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. काटा कुठे थांबतो ते चारही सिलिंडरांचं लिहून ठेवायचं. निरोगी इंजिनात तो साधारण १७० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतो, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. सिलिंडरा-सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी दिसला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजते. काटा वर चढला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गेज स्वस्त असतं आणि तासाभरात उत्तर हातात येतं. एवढं न करता टर्बोचा सल्ला देणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

आता बाकीचे गैरसमज. ‘शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की झालं’: चांगलं पेट्रोल नॉकिंग लांबवतं, झिजलेली रिंग भरून काढत नाही. ‘टर्बोने ॲव्हरेज वाढतं’: कंपनी लहान इंजिन घेऊन टर्बो लावते म्हणून तिथे वाढतं, त्याच इंजिनावर टर्बो चढवून नाही. ‘बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक टर्बो’: १.२ लिटरच्या इंजिनाला ५००० आरपीएमवर अर्धा बार द्यायला चार किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, म्हणजे बारा व्होल्टवर तीनशेहून जास्त अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर शंभरही देत नाही, तेव्हा तो नुसता पंखा आहे.

‘पीयूसी मिळालं म्हणजे कायदेशीर’ हा मात्र महागात पडणारा गैरसमज आहे. पीयूसीत उभ्या गाडीचा धूर तपासतात, इंजिनात काय बदल केले ते नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला असा बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम नाकारण्याचं कारण आयतंच मिळतं.

दिल्लीत त्यात वयाची भर. पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षं, हा निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केला. या निर्बंधातून २०२५ मध्ये मिळालेला दिलासा वर्षअखेरीस बीएस-४ आणि त्यापुढच्या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांपुरता ठेवला गेला. वय मोजतात ते नोंदणीच्या तारखेपासून, आत कोणतं इंजिन कसं आहे यावर नाही. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत टर्बोचा खर्च घालण्याआधी आरसीवरची तारीख बघा.

पिकअप गेला असेल तर आधी स्वस्त कारणं तपासा: दिल्लीच्या धुळीने तुंबलेला एअर फिल्टर, काळवंडलेली थ्रॉटल बॉडी, संपलेले प्लग, अडकलेला ब्रेक. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतं पण वेग चढत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तर गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते. हे सगळं ठीक असूनही कॉम्प्रेशन कमीच आलं, तर हेड उघडून व्हॉल्व्ह बसवून घ्या, गरज असेल तर रिंगा बदला किंवा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाका. काम झाल्यावर पुन्हा गेज लावून चारही आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहायला सांगा आणि ते पाहूनच बिल द्या.